विकलेल्या गाडीचा निरोप

व्यवहारात खोटं बोलू नये, हे आपल्याला पाठशाळेपासून शिकवलेलं असतं. व्यवहारात गप्प कधी बसू नये, हे मात्र फारसं कुणी शिकवत नाही. जुनी गाडी विकताना नेमका हाच प्रश्न समोर येतो. आपल्याला माहीत असलेलं किती सांगायचं? समोरच्याने विचारलं तेवढंच, की न विचारलेलंही?

“गाड्यांचा विषय पुरुषांचा, त्यात आपलं काय?” असं काही मैत्रिणी म्हणतील. पण कित्येक घरांत गाडी बाईच्याच नावावर असते. विकायची वेळ आली की फॉर्म 29 आणि 30 तिच्यासमोर ठेवले जातात आणि “इथे सही कर” म्हटलं जातं. सही तिची, म्हणजे विकणारी ती. मग दोषही तिच्या खात्यात, पुण्यही तिच्याच खात्यात.

आमचं गुडीहत्नूर राष्ट्रीय महामार्ग 44 वर आहे. वर आदिलाबाद, खाली इच्चोडा, निर्मल. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. इथे बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या उंच गाड्यांना फार मागणी. कापसाच्या हंगामात शेतावर जायला तीच, लग्नाची वऱ्हाडी मंडळी न्यायला तीच, कुलपाकजीला किंवा शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला निघालो तरी तीच. नवी घेणं सगळ्यांना परवडत नाही. मग नांदेडची एमएच 26, यवतमाळची एमएच 29 अशा गाड्या एनओसी काढून इकडे येतात आणि इथल्या तिकडे जातात. विकणारा एका राज्यात, घेणारा दुसऱ्या राज्यात, मध्ये एजंट. दोघांची पुन्हा गाठ पडत नाही. म्हणूनच इथे खरं बोलण्याची परीक्षा होते. रोजच्या गिऱ्हाइकाशी तर सगळेच नीट वागतात.

जुन्या गाडीचे दोष दोन प्रकारचे असतात. एक, वापराने आलेले. क्लच जड होतो, टर्बो शिट्टी मारतो, सस्पेन्शनचे बुश खडखडतात, रेडिएटर गळतो, खालून पत्रा गंजतो. हे दोष बोलतात. चांगला मिस्त्री दहा मिनिटं गाडी चालवून ते ओळखतो आणि त्याप्रमाणे भाव पाडतो.

दुसरे दोष मुके असतात. कारखान्यातूनच गाडीबरोबर आलेले. गाडी झोकात पळते, एसी गार हवा देतो, आवाज नाही की धूर नाही, आणि आत कुठेतरी एक वायर घासत असते. ऑगस्ट 2023 मध्ये महिंद्राने एक्सयूव्ही 700 च्या 1 लाख 8 हजारांहून अधिक गाड्या इंजिनाजवळच्या वायरिंगच्या तपासणीसाठी परत बोलावल्या. त्या जून 2021 ते जून 2023 या काळात तयार झालेल्या होत्या. त्याआधी डिसेंबर 2022 मध्ये याच गाडीच्या आणि स्कॉर्पिओ-एनच्या मिळून सुमारे 19 हजार गाड्या क्लचजवळच्या एका भागासाठी बोलावल्या होत्या. अशा बोलावण्याला ‘रिकॉल’ म्हणतात. तपासणी आणि दुरुस्ती कंपनी फुकट करते. दोष कबूल करून गाडी परत बोलावणं यात कंपनीला लाज नाही. उलट ती सभ्यता आहे.

ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण तर जगभर गाजलं. त्यातली एअरबॅग फुगवणारी रासायनिक दारू वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमट हवेने बिघडायची. अपघातात एअरबॅग उघडताना तिची धातूची डबीच फुटून तुकडे माणसाला लागायचे. जीव वाचवायला बसवलेली वस्तूच जीव घेऊ लागली. जगभरात सुमारे 10 कोटी डब्या बदलायची वेळ आली, आपल्या देशातल्या गाड्याही त्यात होत्या. हा दोष कुठल्याही मिस्त्रीच्या कानाला ऐकू येणारा नव्हता.

आपल्याकडे वाहन कंपन्यांनी 2012 मध्ये स्वतःहून रिकॉलची आचारसंहिता स्वीकारली. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात बदल झाला आणि 1 एप्रिल 2021 पासून सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं. कसूर केली तर 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड आहे. पण ही सक्ती सात वर्षांच्या आतल्या वाहनांना. आमच्याकडे हातोहात फिरणाऱ्या गाड्या बऱ्याचदा त्याहून जुन्या.

आणखी एक गोम आहे. रिकॉलचा निरोप जातो तो कंपनीच्या वहीत ज्याचा नंबर असेल त्याला. तो नंबर बहुतेक वेळा पहिल्या मालकाचा असतो. म्हणजे गाडी किनवटच्या शेतकऱ्याच्या अंगणात, आणि तिच्यातल्या धोक्याचा निरोप मात्र आमच्या स्वयंपाकघरात वाजणाऱ्या फोनवर.

आमच्या घरी असंच झालं. गाडी विकून आठ-नऊ महिने झाले होते. सर्व्हिस सेंटरमधून फोन आला, अमुक भाग तपासायचा आहे, गाडी घेऊन या, खर्च नाही. मुलगा म्हणाला, “विकली म्हणून सांग आणि ठेव.” ह्यांचं म्हणणं, “आरसी बुक आता त्याच्या नावावर आहे. कंपनी बघेल.” एजंटला फोन केला तर तो म्हणाला, “भाभी, झोपलेल्याला कशाला उठवता? उद्या पैसे परत मागायला दारात येईल.” तिघांच्याही बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. आणि तरीही तो निरोप पुढे गेला नसता तर कुणाच्या तरी लेकराबाळांनी भरलेली ती गाडी महबूब घाट उतरताना मला रात्री दिसत राहिली असती. शेवटी ह्यांनीच नंबर शोधून फोन लावला. समोरच्याने आभार मानले नाहीत. “हे विकताना का नाही सांगितलं?” असंच त्याने विचारलं. निरोप आजच आला, हे पटवण्यात दहा मिनिटं गेली. पुढे त्याने काय केलं ते त्याने कळवलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

खरं सांगितलं की समोरचा खूश होतोच असं नाही, आणि तो झाला नाही म्हणून आपलं सांगणं वाया जातं असंही नाही.

कायदा या बाबतीत काय म्हणतो ते वाचलं तर गंमत वाटते. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 17 व्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते सांगितलं आहे. मुद्दाम दोष झाकला तर ती फसवणूकच. मीटर मागे फिरवणारे त्यात आलेच. पण नुसतं गप्प बसणं ही सहसा फसवणूक धरत नाहीत. तिथे उदाहरण दिलंय ते घोड्याचं. एकाने लिलावात दोष असलेला घोडा विकला आणि त्या दोषाबद्दल तो काहीच बोलला नाही, तर ती फसवणूक नव्हे. पण पुढे म्हटलंय की, घेणारी जर त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर दोष सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं.

हे वाचून मी थांबले. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या कायदा करणाऱ्यांनाही कळत होतं की बाप लेकीला लंगडा घोडा गप्प राहून विकणार नाही. प्रश्न एवढाच आहे की परक्याच्या लेकीला विकावा का?

आपल्या आचार्यांनी हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी सोडवून ठेवलाय. श्रावकाच्या सत्य अणुव्रतात जी मोठी असत्यं टाळायला सांगितली, त्यांची यादी हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात आहे: कन्येविषयीचं खोटं, गायीविषयीचं, जमिनीविषयीचं, ठेव बुडवणं आणि खोटी साक्ष. त्यातलं दुसरं ते गवालीक. गाय म्हणजे फक्त गाय नव्हे, सगळी चार पायांची जनावरं त्यात धरलेली आहेत. आज चार पायांच्या जागी चार चाकं आली, एवढाच फरक. माळेगावच्या यात्रेत बैल घेणारा दात मोजतो, दुदाती की चौदाती बघतो, रुमालाखाली बोटं दाबून भाव करतो. पण बैल औताला बसतो की नाही, हे दात बघून कळत नाही. ते विकणाऱ्यालाच माहीत असतं.

पहिलं खोटं कन्येविषयीचं, ते तर आपल्याला लगेच कळतं. स्थळ ठरवताना मुलाचा आजार लपवला आणि नंतर “तुम्ही विचारलंच नाही” म्हटलं, तर आपण ते ऐकून घेऊ का? सगळा समाज त्या घराला नावं ठेवील. मग गाडीच्या बाबतीत तेच वाक्य हुशारीचं कसं ठरतं?

आणि ठेव बुडवणं, ज्याला तत्त्वार्थसूत्रात न्यासापहार म्हटलंय, त्याचा अर्थ टीकाकारांनी फार बारकाईने लावलाय. ठेव ठेवणारा आपली रक्कम विसरला, कमी मागायला आला, आणि आपण “हो, एवढीच होती” म्हणून तेवढीच हातावर ठेवली, तर तो सत्यव्रताचा अतिचार. इथे आपण होऊन काही रचलेलं नसतं, त्याच्या न कळण्याला फक्त मान डोलावलेली असते. रिकॉलचा निरोप मला अशी ठेवच वाटते. तो आपल्या फोनवर आला तरी आपला नसतो. गाडी ज्याच्याकडे आहे त्याचा असतो.

“बोलला एजंट, आम्ही कुठे बोललो?” हीही पळवाट आपल्याकडे चालत नाही. करणं, करवून घेणं आणि दुसऱ्याने केलेल्याला संमती देणं, तिन्ही आपल्या हिशेबात येतात. एजंट आपल्यासाठी खोटं बोलला आणि जास्तीचे पैसे आपण मोजून घेतले, तर संमती वेगळी द्यायची काय राहिली?

काही जण अनेकांताचा आधार घेतात. “गाडी छान पळते, हेही एका बाजूने खरंच आहे ना!” खरं आहे. पण एका बाजूचं सत्य हेच पूर्ण सत्य म्हणून समोर ठेवणं, याला आपल्या तर्कशास्त्रात दुर्नय म्हणतात. दुसरी बाजू बघायला लावण्यासाठी अनेकांत आहे, ती झाकण्यासाठी नाही.

आता पैशाचा मुद्दा. सगळं सांगितलं तर भाव पडतो, हे खरं आहे. पण कुणीच सांगितलं नाही तर काय होतं? जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरच एक लेख लिहिला. 2001 मध्ये नोबेल मिळालं त्यामागे हेच काम होतं. त्याचं म्हणणं साधं आहे. घेणाऱ्याला चांगली आणि वाईट गाडी ओळखता येत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच मधला भाव देतो. मग चांगली गाडी असलेला ती विकायलाच काढत नाही आणि बाजारात खराब मालच उरत जातो. म्हणजे दहा जणांच्या गप्प बसण्याची किंमत अकरावा प्रामाणिक माणूस मोजतो.

आणि काही किंमत पैशात मोजताच येत नाही. ऑक्टोबर 2004 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात रेचल आणि जॅकलिन हाउक या दोन बहिणी भाड्याच्या गाडीत वारल्या. त्या गाडीचा रिकॉल निघालेला होता, भाड्याने देणाऱ्या कंपनीला कळवलेलंही होतं, दुरुस्ती मात्र झाली नव्हती. एक चोवीस वर्षांची, एक वीस. त्यांची आई अकरा वर्षं झगडली, तेव्हा कुठे 2015 च्या डिसेंबरात रिकॉल बाकी असलेली गाडी भाड्याने देऊ नये असा कायदा झाला. मुलींच्याच नावाने तो ओळखला जातो. पण जुन्या गाड्या विकणाऱ्यांना तो लागू झाला नाही. भाड्याने दिली तर गुन्हा, विकली तर नाही. त्या आईच्या दुःखापुढे या फरकाला काय अर्थ आहे?

म्हणून मैत्रिणींनो, सहीपूर्वी चार गोष्टी घरात विचाराव्यात. चेसिस नंबर टाकून कंपनीच्या साइटवर किंवा सर्व्हिस सेंटरला रिकॉल बाकी आहे का ते बघितलं का? गाडीला अपघात झाला होता, पुरात बुडाली होती, हे सांगितलं का? चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का? तो मुळीच लागत नसेल तर कुणी तरी काढून टाकला असेल. टायर किती जुने आहेत? टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत ते लिहिलेलं असतं. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. आणि घेणाऱ्याचा फोन नंबर सर्व्हिस सेंटरला कळवून टाका, म्हणजे पुढचा निरोप योग्य घरी जाईल. घेणाऱ्या बाईनेही हेच प्रश्न मोठ्याने विचारावेत. कायद्यानेही विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर म्हणजे फसवणूकच.

संवत्सरीला आपण ओळखीच्या प्रत्येकाला हात जोडतो. गाडी घेऊन गेलेल्या माणसाला त्या दिवशी कुणी फोन करत नाही, त्याचं नावही आठवत नाही. म्हणून त्याची क्षमा मागायची वेळच येऊ नये, एवढी काळजी सही करतानाच घ्यायला हवी. पेन उचलण्याआधी स्वतःला एवढंच विचारा, हीच गाडी आपल्या लेकीच्या दारात उभी राहणार असती तर जावयाला काय काय सांगितलं असतं? तेवढं सगळं सांगा, आणि मग सही करा.