परतीचे ताट

सणासुदीला शेजारघरून झाकलेले ताट आले, तर ते रिकामे परत करू नये, असा आपल्याकडे अलिखित दंडक आहे. घरात देण्याजोगे काहीच नसेल, तर निदान चिमूटभर साखर घालावी आणि मग भांडे पोचते करावे. हा दंडक कोणी घातला, हे कोणी विचारीत नाही. आई पाळीत होती म्हणून मुलगी पाळते. उल्हास नदीकाठच्या आमच्या बदलापूर गावात ही ताटे पूर्वी ओट्याओट्यांवरून फिरत, आता इमारतींच्या जिन्यांतून फिरतात. दिवाळीत आमच्याकडे करंजी येते, नाताळात आमच्याकडून नेवरी जाते. खरे पाहता दोन्ही एकच. पातळ पारी आणि आत खोबऱ्याचे गोड सारण.

इतक्या गोड प्रथेविषयी शंका काढणे कोणास रुचणार नाही. तथापि ती शंका आमची नव्हे. ती शुभवर्तमानातच आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू एका यजमानाच्या घरी जेवायला बसला असता त्याच यजमानाला सांगतो की, मेजवानीला आपले मित्र, भाऊबंद आणि सधन शेजारी यांना बोलावू नये. कारण ते उलट बोलावणे करतील आणि केलेल्याची फेड होऊन जाईल. ज्यांच्याकडून फेड होणे शक्य नाही, त्यांना बोलवावे. ज्याच्या घरचे अन्न पानात आहे, त्यालाच हे ऐकवणे कठीणच. पण त्याहून कठीण प्रश्न आमच्यापुढे उभा राहतो. करंजी आली म्हणून नेवरी गेली, तर हा स्नेह की उसनवारी?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ताटात काय असते, ते पाहावे लागेल. अनारशाचेच घ्या. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग निथळून, सावलीत सुकवून, दमट असतानाच कुटायचे, गुळात मळायचे आणि तो गोळा काही दिवस मुरत ठेवायचा. इतके करूनही तुपात सोडल्यावर अनारसा फसफसून विरघळला, तर सारे मुसळ केरात. करंजीला तर एकटीचे दोन हात पुरतच नाहीत. एकीने लाटायचे, दुसरीने सारण भरून मुरड घालायची किंवा कातण फिरवायचे, तिसरीने ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचे, चौथीने तळणीशी बसायचे. म्हणून आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, असा बायकांचा क्रम लागे. नाताळच्या आठवड्यातही कुलकुलाचे पीठ काट्याच्या पाठीवर वळायला घरातली लेकरे आणि शेजारच्या सुना एकत्र बसत. ताट घरोघर जाण्याआधीच त्यात घरोघरचे हात लागलेले असत. अशा ताटाची किंमत कोणी कशी करावी? कोणाचे किती देणे, हा हिशेबच लागत नसे.

आता हिशेब लागतो. २००१ मध्ये लाखाच्या आत असलेली कुळगाव-बदलापूरची वस्ती २०११ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात गेली आणि त्यानंतरही वाढतच राहिली. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथून सुमारे ६८ किलोमीटर. नवराबायको दोघेही पहाटेची लोकल गाठतात. तीन दिवस तांदळाचे पाणी कोण बदलणार? फराळ किलोवर येतो, नाताळची मिठाईही डब्यातून येते. विकतच्या वस्तूला भाव असतो, आणि भाव माहीत झाला की अर्ध्या किलोच्या डब्याला अर्ध्या किलोचाच डबा परत जातो.

यावर गृहिणींना बोल लावण्याची जी रीत आहे, ती आम्हांस मान्य नाही. घरच्या फराळाची थोरवी सांगणारे बहुधा तळणीपुढे बसलेले नसतात. शिवाय विकतचा फराळ करणारीही कोणी बाईच असते आणि त्या पैशांवर तिचे घर चालते. कष्ट वाचले, यात वाईट काही नाही.

फ्रान्समधील समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ साली देणगीविषयी एक प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. देशोदेशीचे दाखले तपासून त्यांनी मांडले की, देणगी वरकरणी ऐच्छिक दिसली तरी तिच्यात तीन बंधने असतात: देण्याचे, घेण्याचे आणि परत करण्याचे. आमच्या जिन्यातल्या कोणत्याही आजीबाईंना हे ठाऊक आहे. त्यांनी निबंध लिहिला नाही, इतकेच. पण मॉस यांच्या तिसऱ्या बंधनात आमची चिमूटभर साखर बसत नाही. पंधरा करंज्यांची फेड साखरेच्या दहा कणांनी होत नसते. ज्याच्याकडे काही नाही, त्यालाही परत करता यावे म्हणूनच ती योजलेली आहे. ‘तुझे पोचले’ एवढाच तिचा अर्थ. म्हणजे जुन्या लोकांनी परतफेडीचा नियमही केला आणि तो सैल करण्याची वाटही त्याच नियमात ठेवली.

ज्या घरात वर्षभरात कोणी दगावले आहे, तेथे तर ही वाट अधिकच स्पष्ट दिसते. त्या घरी सणाची कढई चढत नाही. हिंदू शेजाऱ्यांत दिवाळीचे तळण होत नाही, आपल्यातही त्या नाताळात नेवऱ्या होत नाहीत. मग शेजारीपाजारी आणि आप्त त्यांच्याकडे ताटे पोचवितात आणि परतीच्या ताटाची कोणी वाट पाहत नाही. पुढच्या वर्षी कोणी जुनी बाकी काढीत नाही. लूकच्या त्या अध्यायातले शब्द ज्यांनी कधी ऐकले नसतील, अशा घरांतही ते पाळले जातात.

आणखी एक नाजूक गोष्ट. आमच्याकडे आलेले सगळे आम्ही खातो. आमचे सगळ्यांना चालत नाही. अंड्याचा केक काही दारांपर्यंतच जातो. म्हणून आपल्या बायका शेजारासाठी नेवऱ्यांचा घाणा वेगळ्या कढईत, ताज्या तुपात काढतात. हा दुबळेपणा आहे, असे म्हणणारे आपल्यात आहेत. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याला ताट द्यायचे, त्याला ते खाता यावे, ही पहिली अट आहे. मात्र तोंडदेखले घेऊन दार लागताच ते मोलकरणीच्या हवाली करणे, हा खोटेपणा झाला; त्यापेक्षा ‘आम्हांला चालत नाही’ असे समोर सांगावे. मोलकरणीला द्यायचे, तर तिच्या नावाने वेगळे द्यावे.

येथेच खरी अडचण सुरू होते. ताट जिन्यात फिरते. जिन्याबाहेरच्यांना काय मिळते? बहुधा उरलेले, आणि तेही दुसऱ्या दिवशी. करिंथच्या मंडळीत सधन लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून संत पौलाने त्यांना पत्रातून खडसावले होते. पैठणच्या एकनाथांची आख्यायिका मराठी माणसास सांगायला नको. श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास घेत भुकेली माणसे दाराशी थांबली. तेव्हाचा समाज त्यांना अस्पृश्य मानी. नाथांनी निमंत्रित ब्राह्मणांची वाट न पाहता तेच अन्न त्यांना वाढले. या कथेचे मर्म आम्हांस वेळेत दिसते. पहिला घाणा कोणाचा, हाच तिथला प्रश्न.

आमच्या गावालाही हे एकदा सहज जमले. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. दुसऱ्या दिवशी हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढण्यात आले आणि बदलापुरातील एका मंगल कार्यालयात त्यांच्या जेवणाची सोय झाली. लग्नाच्या पंगतींचा तो मांडव. लग्नात आहेराची वही असते, त्या दिवशी कसलीच वही नव्हती. पुढे हे प्रवासी आपापल्या गावी गेले. पण संकटात औदार्य सोपे असते. पूर ओसरतो, मग वही पुन्हा उघडते.

फेड न होणाऱ्याला द्यावे, हे खरे. पण ज्याच्याकडून कधीच काही घ्यायचे नाही, असे ठरवून दिले जाते, त्याला ते घेताना मान खाली घालावी लागते. म्हणून लूकच्या त्या उताऱ्यातला एक शब्द आम्ही पुनःपुन्हा वाचतो. तेथे ताट पाठविण्याची आज्ञा नाही, बोलावण्याची आहे. बोलावलेला माणूस पाटावर किंवा खुर्चीवर आपल्या शेजारी बसतो, मीठ कमी आहे असे म्हणू शकतो.

इमारतीच्या फाटकाशी बसणारा रखवालदार बहुधा बिहारकडचा असतो. नाताळच्या दुपारी त्याला वर बोलावणारी घरे फार नाहीत. बशी खाली जाते. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी मात्र छठ येते आणि गहू, गूळ, तुपाचे दोन ठेकुए वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून तो जिना चढून येतो. ती पुडी दारातच घेऊन टेबलावर ठेवून द्यायची, की त्याला आत बसवून, त्याच्यादेखत ती उघडून, एक तुकडा तोंडात टाकायचा?