गुप्तदान आणि उघड हिशोब

दान असे द्यावे की या हाताचे त्या हाताला कळू नये, ही शिकवण आपल्याकडे घरोघरी दिली जाते. दात्याचे नाव झाकले गेले की दानातील अहंकार गळतो, हा त्यामागील भाव. मग धर्मादाय रुग्णालयाने किती गरिबांवर उपचार केले, त्यासाठी किती रक्कम खर्ची घातली, हे जाहीर करावे काय? तसे केल्याने सेवेचे पुण्य उणावते काय?

अमेरिकेत हा विषय दीर्घकाळ चर्चेत आहे. तेथे नफ्यासाठी न चालणाऱ्या रुग्णालयांना प्राप्तिकर माफ असतो. १९५६ च्या नियमानुसार त्यांनी ऐपतीप्रमाणे गरिबांवर विनामूल्य वा अल्प दरात उपचार करणे अपेक्षित होते. १९६९ मध्ये ही अट सैल होऊन ‘समाजाचे हित’ हा व्यापक निकष आला. निकष व्यापक झाला, तसे हित मोजणे अवघड झाले. म्हणून करवर्ष २००८ पासून वार्षिक विवरणपत्र ९९० ला ‘अनुसूची एच’ जोडण्यात आली. तीत मोफत उपचारांची रक्कम बिलाच्या आकड्याने नव्हे, तर प्रत्यक्ष खर्चाच्या हिशोबाने दाखवावी लागते. रुग्णाकडून वसूल न झालेले बुडीत येणे वेगळे नोंदवावे लागते. हा भेद मननीय आहे. मागूनही जे मिळाले नाही, ते आपण दिले असे म्हणता येत नाही. २०१० च्या कायद्याने आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवणे आणि दर तीन वर्षांनी परिसरातील आरोग्याच्या गरजांची पाहणी करणे हेही बंधनकारक केले.

महाराष्ट्रातही मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या आहेत. निर्धन रुग्ण निधीसाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळी काढावयाची आहे.

येथे दाता आणि विश्वस्त यांतील अंतर ध्यानी घ्यावे. दाता स्वतःचे देतो. ते झाकून ठेवण्याचा त्याला अधिकार आहे. विश्वस्त दुसऱ्याचे सांभाळतो. माफ झालेला कर ही समाजाने सोडलेली रक्कम होय. तिचा हिशोब देणे ही फुशारकी नसून ऋणाची कबुली आहे. केवळ आकडे सजविण्यासाठी सेवा होऊ लागण्याचा धोका आहे, हे खरे. परंतु सवलत गुप्त राहिल्यास तिचा पत्ता नसलेला गरीब मंगळसूत्र गहाण टाकून बिल भरतो, हा अनर्थ त्याहून मोठा आहे.

तेव्हा झाकावयाचे ते मदत घेणाऱ्याचे नाव, कारण त्याची लाज राखणे हा धर्म आहे. उघडी ठेवावयाची ती संस्थेची वही. गुप्तता आणि सचोटी यांचा असा मेळ बसला, तर दानाचे पावित्र्य टिकते आणि दान गरजूच्या दारापर्यंत पोहोचते.