वर्तुळाची आतली बाजू

आंग मो किओच्या अव्हेन्यू २ वर २५९ क्रमांकाची इमारत आहे. १९८१ सालची, गोल मनोरे एकमेकांना चिकटवल्यासारखी. आजूबाजूच्या चौकोनी सरकारी ब्लॉक्समध्ये ती लगेच नजरेत भरते. तिथून जाताना दर वेळी मनात येतं, आतल्या लोकांनी कपाट कुठल्या भिंतीला टेकवलं असेल?

केंद्रापासून सारख्या अंतरावरचे बिंदू, ही व्याख्या तुम्हीही शाळेत पाठ केली असेल. कागदावरच्या वर्तुळाला आत आणि बाहेर असतं, त्यात वाद नाही. दुसऱ्या शतकातल्या हायरोक्लीज या स्टोइक विचारवंताने माणसाची नाती अशीच मांडली: मध्ये आपण, मग घरचे, नातलग, गाववाले, सर्वांत बाहेर अख्खी मानवजात. बाहेरची वर्तुळं आत ओढत राहावं, लांबच्यांना जवळच्या नात्याने हाक मारावी, असा त्याचा सल्ला. आपण शेजारणीला काकू म्हणतो, सिंगापुरात कुणीही अंकल नाहीतर आंटी असतं. म्हणजे हायरोक्लीज न वाचताच आपलं जमलंय.

पण पृथ्वी कागद नव्हे. माझं घर केंद्र धरून तिच्यावर वर्तुळ काढत जा. सुमारे ३,८०० किलोमीटरवर त्याच्या रेषेत पुणं येतं. तिथे माझी आई एकटी राहते. १०,००० किलोमीटरपर्यंत वर्तुळ मोठं होतं, मग आकसू लागतं आणि पूर्व इक्वेडोरमध्ये एका बिंदूत मिटतं. तो बिंदूही त्याचं केंद्रच. विषुववृत्त इथून दक्षिणेला जेमतेम १५० किलोमीटर. त्याच्या कुठल्या बाजूला तुम्ही 'आत' म्हणाल? गोलावर ते आपणच ठरवायचं असतं.

गेल्या वर्षी आई बाथरूममध्ये घसरून पडली. खालच्या मजल्यावरच्या काकू तिला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेल्या, रात्रभर बसून राहिल्या. मला सकाळी कळलं. "त्याला झोपेतून उठवू नका," असं आईनेच सांगितलं होतं. माझ्या हिशेबात आई पहिल्या वर्तुळात आणि काकू चौथ्या. पैसे पाठवू का विचारलं, तर त्यांनी फोनच ठेवला.

माझ्या मजल्यावर एक चिनी आंटी राहतात. मुलगा पर्थला. तीन वर्षं मी त्यांच्या दारावरून नुसती मान हलवून गेलो. वेळ आपल्या माणसांसाठी राखतोय, अशी स्वतःची समजूत होती. प्रत्यक्षात तो वेळ आईला कधी मिळाला नाही. आता त्यांची तांदळाची पिशवी वर आणून देतो. यात काकूंची फेड होते असं कुणी म्हणालं, तर मला पटत नाही. इथल्या पिशवीने आईचा जिना सोपा होत नाही, हे दोन हिशेब वेगळेच. दुसरा मांडायला मी पहिल्याचं निमित्त होईपर्यंत थांबलो, हे मात्र खटकतं.

परवा आंटींनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, आईला भेटायला कधी जाणार? डिसेंबरात, म्हणालो. तिकीट अजून काढलेलं नाही.