चार दोऱ्यांची खिडकी

तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब आहे. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तिथे होतं. फलटणच्या एका पोराने तिथे सहाशे फोटो काढले आणि संध्याकाळी तो धावतच स्टुडिओवाल्या काकांकडे आला. काकांच्या आईची वारी यंदा गुडघ्यांमुळे चुकली होती, म्हणून त्याने फोटो आधी तिलाच दाखवले. चार-पाच बघून ती म्हणाली, "गर्दी लई होती की रं," आणि पुन्हा शेंगा फोडू लागली.

काकांनी एका फोटोवर बोट ठेवलं. "हा कशाचा?"

"रिंगणाचा. हा अश्व, या पताका, या तुळशीवाल्या बाया, हे विणेकरी..."

"अश्वाच्या नाकाला फोटोची कड चिकटलीय. तो धावणार कुठे? आणि विणेकऱ्यांच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय."

"तिथे खांब दिसलाच नाही, काका."

"कसा दिसेल? आपलं मन जिथे असतं तेवढंच डोळा बघतो. कॅमेऱ्याला मन नाही. समोर असेल ते तो सगळं घेतो. निवडायचं आपण."

काकांनी जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यात सहा बाय चार सेंटीमीटरची खिडकी कापली. तिच्यावर काळे दोरे चिकटवले, दोन उभे, दोन आडवे. नऊ घरं झाली. "कॅमेरा इथेच ठेव. आता यातून बघ."

पोरगं हिरमुसलं, पण बघू लागलं. खिडकी डोळ्याजवळ धरली की अख्खा चौक मावायचा, हात लांब केला की एकटा नळ उरायचा. एक पाऊल सरकलं की खांब डोक्यावरून बाजूला होतो, हे कळायला त्याला दोन दिवस लागले. हंडा घेतलेली बाई मधोमध धरली की थांबल्यासारखी वाटायची. तीच दोरे जिथे छेदतात तिथे धरली आणि पुढे वाट मोकळी ठेवली, की चालू लागायची. मधोमध धरणं म्हणजे चूक नव्हे. दिंडी सरळ अंगावर चालून येते तेव्हा ती मधोमधच शोभते. पण ते ठरवून केलेलं असावं.

पुढे त्याच वारीत, बाजीरावाच्या विहिरीजवळच्या गोल रिंगणाला, काकांनी कॅमेरा परत दिला. पोरगा कडेला मातीत बसून राहिला. पताका गेल्या, मृदंग गेले, त्याने बटण दाबलं नाही. अश्व समोरून दौडत गेला आणि लोक झेपावण्याआधी एका म्हातारीचा हात टापेच्या खुणेवर टेकला. तेवढंच त्याने घेतलं. खाली उजवीकडे हात, तिथून तिरकी निघालेली टापांची ओळ, वर डावीकडे दूर गेलेला अश्व. बाकी धूळ.

फोटो छापून आला तेव्हा काका काही बोलले नाहीत. त्यांनी तो आईच्या हातात दिला. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने फोटोतल्या टापेच्या खुणेला बोट लावलं आणि ते बोट कपाळाला टेकवलं.