आश्रयास मोल लावावे काय?

संकटात सापडलेली स्त्री दाराशी आली असता तिला आत घ्यावे की नाही, हा प्रश्न ख्रिस्ती मनुष्यास पडू नये. शास्त्राने त्याचे उत्तर केव्हाच दिले आहे. परंतु तिला आत घेतल्यावर तिच्यापासून काही मागावे की नाही, हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि खेड्यापाड्यांतील आमच्या उपदेशकांस व मंडळ्यांस तो आजही पडतो. भाकर दिली, निवारा दिला, तर तिने प्रार्थनेस बसावे काय? पुढे बाप्तिस्मा मागावा काय? निदान आमचे उपकार तरी चारचौघांत बोलून दाखवावे काय? प्रिय वाचकहो, ह्याचा आज आपण शांतपणे विचार करू.

हा विचार हर्णे बंदराच्या आसपासच्या इतिहासावरून चांगला उमगतो. सुवर्णदुर्गासमोरचे हे कोळ्यांचे बंदर मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात जुने आहे. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे लोक १८२३ साली बाणकोटास आले, आणि लवकरच हर्णे हेही त्यांचे ठाणे झाले. १८२९ साली जॉन विल्सन व त्यांची पत्नी मार्गारेट ही दोघे मराठी शिकण्याकरिता प्रथम ह्याच किनाऱ्यावर राहिली. मग मुंबईस जाऊन मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या. पुढे मिशनने हे ठाणे सोडले. केवळ वहीत पाहणारा म्हणेल की येथील श्रम फुकट गेले. परंतु हर्ण्याच्या दक्षिणेस अगदी जवळ मुरूड गाव आहे, आणि त्या गावाशी जडलेली एक हकीकत अशा हिशेबनिसास विचार करावयास लावील.

रत्नागिरी जिल्ह्यातल्याच देवरुखची गोदूबाई जोशी ही मुलगी लहानपणी लग्न होऊन थोड्याच महिन्यांत विधवा झाली. विधवेच्या वाट्यास त्या काळी जे येई ते तिच्याही वाट्यास आले. तिचे बंधू नरहरपंत ह्यांनी तिला मुंबईस नेले, आणि पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी उघडलेल्या शारदा सदनात ती पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून दाखल झाली. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला होता. सदनास पैसा अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनकडून येत असे. तथापि मुलींवर धर्मशिक्षण लादावयाचे नाही, असे आरंभीच ठरले होते. गोदूबाई तेथे शिकल्या, आणि ११ मार्च १८९३ रोजी मुरूडचे धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. रमाबाईंनी त्याबद्दल त्यांस दूर लोटले नाही; ह्या विवाहास त्यांचा पाठिंबाच होता.

मुरूडकरांनी मात्र कर्व्यांवर बहिष्कार घातला. ज्या मुलीस सदनाने आसरा दिला, तिला सासरच्या गावात उंबरठा ओलांडणे कठीण झाले. तरी ते दांपत्य खचले नाही. १८९६ साली कर्व्यांनी पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास गेला, आणि १९१६ साली त्यांच्याच खटपटीने स्त्रियांचे विद्यापीठ उभे राहिले. गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, याही विधवाच. त्यांनी त्या आश्रमासाठी आयुष्य वाहिले आणि वर्गणी जमवीत अमेरिकेपर्यंत प्रवास केला.

आता आम्ही विचारतो: शारदा सदनाने गोदूबाईंवर जे अन्न, वस्त्र व विद्या खर्च केली, ती वाया गेली काय? आमच्या मंडळीच्या नोंदवहीत तिच्यामुळे एकही नाव वाढले नाही. परंतु शेकडो विधवांस जे दार पुढे उघडले, त्याच्या बिजागरीस ह्या सदनाचेही तेल लागले होते. बी एकाच्या हातचे आणि पीक दुसऱ्याच्या खळ्यात, असे झाले म्हणून शेतधनी रागावत नाही. शेत त्याचेच आहे.

ह्याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. त्याच १८९३ साली शारदा सदनावर मोठे वादळ आले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे ठेवीत, आणि काही मुली आपण होऊन तेथे जाऊन बसत. लोकांनी ह्यास वचनभंग म्हटले. रानडे, भांडारकर ह्यांच्यासारख्या सल्लागारांनी आपला संबंध तोडला, आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणास बोलावीत नाही आणि कोणास अडवीतही नाही. आमच्या मते त्यांचा अंतःकरणाचा हक्क खरा होता. परंतु पालकांची भीतीही पोकळ नव्हती. जिच्या ताटातले अन्न आपण देतो, तिला आपले उघडे दारदेखील कधी कधी आज्ञेसारखे दिसते. दात्याचा हेतू शुद्ध असला तरी घेणाऱ्याची लाचारी मध्ये उभी असते. आश्रय देणाऱ्याने ही गोष्ट रात्रंदिवस ध्यानात ठेवावी.

शास्त्र काय सांगते ते पाहू. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की, धन्यापासून पळून आलेल्या दासास परत धरून देऊ नये; त्याला जे ठिकाण बरे वाटेल तेथे त्याला राहू द्यावे, आणि त्याला जाचू नये. येथे तीन गोष्टी आहेत. परत न देणे ही पहिली. ती आपण सहसा पाळतो. जाच न करणे ही तिसरी. तीही आपणांस समजते. परंतु मधली, म्हणजे ठिकाण त्याने निवडावे, ही आपण विसरतो. त्या आज्ञेत आश्रिताने इस्राएलाचे व्रत घ्यावे असा शब्द नाही. तसेच प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले, त्यांतला एकच परत आला. बाकीचे नऊ कोठे आहेत असे प्रभूने विचारले खरे, पण त्या नवांचा रोग त्यांस परत लावला नाही. दान दिले ते दिलेच.

कोणी म्हणेल, मग मुक्ती मिशनाचे काय? १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या, १९०० च्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली, आणि केडगावची ती संस्था उघड ख्रिस्ती होती. ह्याचे उत्तर असे की, उघड असणे हाच तेथील प्रामाणिकपणा होता. तेथे आत एक आणि बाहेर दुसरे असे नव्हते. शिवाय तेथे विणकाम, छपाई, तेलघाणा, दूधदुभते असे नाना उद्योग शिकविले जात. जिच्या हाती स्वतःचे पोट भरण्याची कला आली, तिचा होकार हा खरा होकार असतो, कारण तिला नकारही परवडतो. जिला जाता येत नाही, तिच्या राहण्यावरून काही सिद्ध होत नाही. म्हणून आमचे मत असे की, आश्रयास आलेल्या स्त्रीने बाप्तिस्मा मागितला तर आनंद मानावा, परंतु ती आपल्या पायांवर उभी राहीपर्यंत घाई करू नये. जो विश्वास खरा आहे तो वर्षभर थांबल्याने मरत नाही.

मोल केवळ बाप्तिस्म्याचेच मागितले जाते असे नाही. कोणी तिच्याकडून फुकट चाकरी मागतो, कोणी तिने अमुक विधुराशी लग्न करावे असे सुचवितो. कोणी तिला मंडळीपुढे उभी करून तिची दुःखे वदवून घेतो, आणि तिचे चित्र अहवालात छापून वर्गणी मागतो. हेही मोलच आहे. जी लाज झाकण्याकरिता ती आमच्याकडे आली, तीच आम्ही बाजारात मांडली, तर पळून येऊन तिने काय मिळविले?

आजची स्थिती पाहा. कोकणातील कातकरी वाड्यांतून पावसाळा सरताच कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या कामास जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत बाईस मार खाऊनही तेथून हलता येत नाही. वेठबिगार १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे आणि तसले कर्ज कायद्याने रद्द आहे, परंतु ही वार्ता वाडीपर्यंत पोहोचलेली नसते. नंदुरबारकडील भिल्ल वस्त्यांत एखाद्या बाईस डाकीण ठरवून छळले जाते. त्याविरुद्ध २०१३ साली राज्याने कायदा केला. आफ्रिकेतील कालाबार प्रांतात मेरी स्लेसर ह्या स्कॉच बाईने जुळी मुले झाली म्हणून रानात हाकललेल्या मातांस पदराखाली घेतले, तेव्हा त्या मातांचे दुःख असेच होते: आपल्याच लोकांत त्यांस जागा नव्हती. अशा स्त्रीस दुसरे काही देण्याआधी निर्भय जागा द्यावी.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. अशी बाई आली तर तिला एकट्या पुरुषाच्या घरी ठेवू नये. मंडळीतील वडील बाई तिच्यासोबत असावी. १८१ किंवा ११२ ह्या क्रमांकावर त्याच वेळी कळवावे. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर १०९८ वर कळवून तिला बालकल्याण समितीपुढे नेलेच पाहिजे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने विवाहितेस घरात राहण्याचाही हक्क आहे, हे तिला समजावून सांगावे. घर सोडणे हाच एक मार्ग आहे असे भासवू नये. लपवाछपवी नसली म्हणजे फूस लावल्याचा आरोपही टिकत नाही.

आणि प्रभूविषयी मुके राहावे काय? मुळीच नाही. तिने विचारले तर मनमोकळेपणाने सांगावे. न विचारले तर आपली वागणूक बोलेल. नामीने रूथेस पुन्हा पुन्हा परत जाण्यास सांगितले होते. वाट मोकळी होती, तरी रूथ राहिली, म्हणून तिचे राहणे शास्त्रात लिहिण्याजोगे झाले. आमच्या दारी येणाऱ्या प्रत्येक बहिणीस ती परतीची वाट मोकळी असावी. ती गेली तर शिदोरी द्यावी, राहिली तर देवाचे उपकार मानावे. दोन्ही वेळी ताट तेच वाढावे.