फुटलेल्या नळाचें देणें कोणाचें?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें शिक्षणासाठीं अथवा नोकरीसाठीं तालुक्याच्या गांवीं, पुण्यास किंवा मुंबईस भाड्याच्या खोल्यांत राहतात. आणि घरोघर नळ आल्यापासून खेड्यांतही शाळेच्या मास्तरांस किंवा दवाखान्यांतील परिचारिकेस एखादी खोली भाड्यानें देणारे लोक आमच्या मंडळ्यांत आहेत. म्हणून आजचा विषय वरवर क्षुल्लक वाटला तरी तो पुष्कळांच्या दाराशीं आलेला आहे. भिंतींतील पाइप रात्रीं फुटतो, सकाळपर्यंत पाणी वाहतें, गिलावा सुटतो, खालच्या खोलींतील धान्य, अंथरूण व मुलांचीं पुस्तकें भिजतात. मग घरमालक व भाडेकरू जिन्यावर समोरासमोर उभे राहतात आणि प्रत्येक जण दुसऱ्यास म्हणतो, "हें देणें तुमचें आहे."

दोघांचेंही म्हणणें ऐकण्यासारखें असतें. मालक म्हणतो, "मीं घर धड स्थितींत दिलें, तुम्हीं तोटी बेताबाहेर पिळली, मोरींत खरकटें सोडलें." भाडेकरू म्हणतो, "पाइप माझ्या येण्यापूर्वींच गंजलेला होता. मीं केवळ पाणी भरलें." दोघेही खरें बोलत असतील असें पुष्कळ वेळां घडतें. तेव्हां विचार करण्याजोगा प्रश्न असा कीं, जें नुकसान कोणींच जाणूनबुजून केलें नाहीं, तें कोणीं भरून द्यावें?

हा प्रश्न नळाहून फार जुना आहे. सुमारें पावणेचार हजार वर्षांपूर्वीं बाबेलचा राजा हम्मुराबी यानें जे कायदे दगडावर कोरविले, त्यांत पाण्याविषयींचीं कलमें आहेत. एखाद्यानें आपला बांध मजबूत ठेवण्यांत आळस केला व तो फुटून दुसऱ्यांचीं शेतें बुडालीं, तर गेलेलें धान्य त्यानें भरून द्यावें. पाट उघडून निष्काळजीपणें शेजाऱ्याचें शेत बुडविलें, तरीही तसेंच. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांत खड्डा खणून तो उघडा ठेवणाऱ्याविषयीं जो नियम आहे तो आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. दोन्ही ठिकाणीं विचार एकच: ज्याच्या हातीं तें संकट टाळणें होतें, त्यानें तें टाळलें काय?

परंतु ही कसोटी सर्वत्र पुरी पडत नाहीं. इंग्लंडांतील लँकशायर प्रांतांत एका गिरणीवाल्यानें आपल्या कामासाठीं तळें बांधविलें. त्याच्या तळाशीं खाणीचीं जुनीं टाकलेलीं विवरें होतीं. बांधणाऱ्या कारागिरांनीं तीं नीट बुजविलीं नाहींत. तळें भरतांच पाणी त्या वाटेनें शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणींत शिरलें. गिरणीवाल्याचा स्वतःचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाहीं, तरी इ. स. १८६८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायपीठानें त्यालाच जबाबदार धरलें. आपल्या कामासाठीं अशा धोक्याचा सांठा जमिनीवर करणाऱ्यानें तो सुटल्यास भरपाई दिली पाहिजे, असा तो न्याय होता.

यावरून कोणी म्हणेल कीं, मग घरांत नळ आणणाऱ्या मालकावरच सर्व देणें पडावें. हाच मुद्दा पुढें ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं उपस्थित झाला. तेथें एका इमारतींत चौथ्या मजल्यावर सर्वांच्या वापराचें हात धुण्याचें भांडें होतें. कोणा अज्ञात माणसानें दुष्टबुद्धीनें त्याची मोरी बोळे घालून बुजविली व तोटी पूर्ण सोडून दिली. दुसऱ्या मजल्यावरील भाडेकऱ्याचा माल भिजला आणि त्यानें इमारत ताब्यांत असणाऱ्यावर दावा केला. १९१३ सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें निकाल दिला कीं, घरांत पाण्याची सोय ठेवणें हा जागेचा नित्याचा उपयोग आहे, व अनोळखी माणसाच्या दुष्कृत्याबद्दल त्या मालकास जबाबदार धरतां येत नाहीं. अर्थात् भाडेकऱ्यानें आपलें नुकसान आपणच सोसलें. समोर उभा असलेला प्रत्येक माणूस दोषी असतोच असें नाहीं, हें या निकालावरून शिकण्यासारखें आहे.

आतां आपल्या देशाचा कायदा पाहूं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचें १०८ वें कलम सांगतें कीं, जो महत्त्वाचा दोष मालकास ठाऊक आहे पण भाडेकऱ्यास साधारण काळजी घेऊनही दिसणार नाहीं, तो मालकानें आधींच सांगितला पाहिजे. भाडेकऱ्यानें जागा जशी घेतली तशी परत द्यावी. मात्र नित्याच्या वापरानें होणारी झीज त्याच्या माथीं नाहीं. त्याच्या किंवा त्याच्या नोकरांच्या हातून बिघाड झाला असेल, तर मालकाची सूचना मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्यानें तो दुरुस्त करावा. महाराष्ट्रांत ३१ मार्च २००० पासून अंमलांत आलेल्या भाडे नियंत्रण अधिनियमाच्या १४ व्या कलमाप्रमाणें, उलट करार नसल्यास, जागा राहण्याजोगी ठेवणें हें मालकाचें काम आहे. भाडेकऱ्यानें कमीत कमी पंधरा दिवसांची नोटीस दिल्यावर वाजवी वेळांत मालकानें दुरुस्ती केली नाहीं, तर भाडेकऱ्यानें ती करून खर्च भाड्यांतून वळता करावा. तथापि एका वर्षांत ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक होतां कामा नये. २०२१ सालीं केंद्र सरकारनें राज्यांपुढें एक नमुन्याचा भाडेकायदा ठेवला. त्यांत पाइप बदलणें मालकाकडे, आणि तोट्या व त्यांचे वॉशर बदलणें, मोरी साफ करणें, हात धुण्याचें भांडें दुरुस्त करणें हें भाडेकऱ्याकडे दिलें आहे. तो ज्या राज्यानें स्वीकारला तेथेंच लागू होतो. पण वांटणी कशी करावी हें त्यावरून कोणासही समजेल. शहरांतील पुष्कळ खोल्या आतां लीव्ह अँड लायसन्सच्या करारानें दिल्या जातात. तेथें कराराचीं कलमें सही करण्यापूर्वींच वाचावीं.

या कलमांतून एक सूत्र सारखें आढळतें. दोष कोणास ठाऊक होता, आणि ज्यास ठाऊक होता त्यानें तो वेळेवर सांगितला काय, असें कायदा पुनःपुन्हां विचारतो. आमच्या मतें नीतीचाही प्रश्न हाच आहे. पाइप जुना असणें हें पाप नव्हे. परंतु ओल ठाऊक असतां तिच्यावर चुन्याचा हात फिरवून खोली भाड्यानें देणें हें असत्य आहे, मग त्यासाठीं एक शब्दही बोलावा न लागो. तसेंच श्रावणांत भिंतीवर ओलीचा डाग दिसला असतां दिवाळीपर्यंत गप्प बसणें, आणि भिंत फुगल्यावर "घर तुमचें" म्हणणें, हेंही प्रामाणिकपणाचें नव्हे. गळक्या तोटीचा वॉशर थोड्या पैशांत मिळतो; मौनानें त्याची भिंत होते.

येथें एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. भाडेकरू बोलत नाहीं याचें कारण नेहमीं आळस नसतें. "सारखी तक्रार करतोस, तर खोली सोड," हें उत्तर त्यानें ऐकलेलें असतें. ज्यांना जात किंवा धर्म विचारून दहा दारांवरून परत पाठविलें जातें, त्यांना अकराव्या दारीं मिळालेली खोली गमावण्याचें भय किती असतें, हें आमच्या लोकांस सांगावयास नको. अशा माणसाचें मौन व बलवानाचें मौन एकाच तराजूंत तोलतां येत नाहीं. ज्यानें बोलणें महाग केलें, त्या मौनाच्या नुकसानींत त्याचाही वांटा आहे. वाजवी कारणावांचून भाडेकऱ्याचें पाणी तोडण्यास भाडे नियंत्रण अधिनियमाच्या २९ व्या कलमानें मालकास मनाई केली आहे. पण मनांतील भयास कायदा कोठवर पोंचणार? म्हणून जो खोली भाड्यानें देतो, त्याचें पहिलें कर्तव्य तक्रार सांगावयास येणाऱ्यास निर्भय करणें हें होय.

उलटपक्षीं प्रत्येक घरमालक धनवान् असतो असेंही समजूं नये. एका खोलीच्या भाड्यावर महिना काढणाऱ्या विधवा आमच्या मंडळ्यांत आहेत. मोरींत भाताचें खरकटें व तेलकट पाणी सोडून ती तुंबविणारा, आणि शेवटचें भाडें बुडवून निघून जाणारा भाडेकरू तिचें जें नुकसान करतो, तें गरिबाचेंच नुकसान असतें.

आणखी एक गोष्ट. अनामत रक्कम मालकाच्या हातीं असते. नुकसान किती झालें हेंही तोच ठरवितो, आणि कापूनही तोच घेतो. स्वतःच्या तंट्यांत स्वतःच न्यायाधीश होणाऱ्याचा तराजू, तो माणूस भला असला तरी, एका बाजूस झुकतो. आपल्याच अंदाजानें भाडें कापणाऱ्या भाडेकऱ्यासही हें लागू आहे. यास्तव नुकसान दोघांनीं मिळून, तिसऱ्या जाणत्या माणसासमक्ष पाहावें. प्लंबरची पावती उभयतांनीं वाचावी. पाइप वीस वर्षांचा झिजलेला असतां नव्याची संपूर्ण किंमत भाडेकऱ्याकडून घेणें हा अन्याय आहे, कारण ती वीस वर्षें त्यानें एकट्यानें वापरलेलीं नाहींत.

खोली घेतांनाच सर्व तोट्या उघडून पाहाव्या, ओलीचे डाग लिहून ठेवावे, त्यांचीं छायाचित्रें घ्यावीं, मुख्य कॉक कोठें आहे तें विचारून घ्यावें. पाणी फुटतांच आधीं तो कॉक बंद करावा व त्याच दिवशीं मालकास लेखी कळवावें. करारही लेखी व नोंदलेला असावा. महाराष्ट्रांत भाडेकराराची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर आहे. तसा करार नसल्यास अटींविषयीं भाडेकऱ्याचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलें जातें.

हें सर्व करूनही मेलबर्नसारखें एखादें नुकसान उरेल कीं ज्यांत दोष कोणाचाच नाहीं. कायदा तें जेथें पडलें तेथेंच राहूं देतो, आणि पाण्याप्रमाणें तें बहुधा सर्वांत खालीं राहणाऱ्याकडे जातें. कायद्यानें न लागणारा भार शेजारधर्मानें वांटून घेतां येतो: मालकानें पाइप बदलून कांहीं भाडें सोडावें, वरच्यानें खालच्याचें अंथरूण वाळवावयास आपली गच्ची द्यावी, खालच्यानें किंमत वाढवून सांगूं नये. ज्या बंधूंना अशा तंट्यांत पंच म्हणून बोलावणें येतें, त्यांनीं "दोष कोणाचा?" असें एकदम विचारूं नये. प्रथम कोणास कळलें, त्यानें केव्हां सांगितलें, व ऐकणाऱ्यानें काय केलें, हे तीन प्रश्न शांतपणें विचारावे. बहुतेक तंटे तेवढ्यानेंच मिटतात; आणि जो मिटत नाहीं, त्यांतही उरलेला भार दुबळ्याच्या एकट्याच्या माथीं जाऊं न देणें हें पंचाचें काम आहे.