चूल, जपमाळ आणि दुपारचा अर्धा तास

घर सांभाळणे हीच स्त्रीची पूजा, हे वाक्य मी बालपणी कमलनगरच्या वाड्यांतून ऐकले, पुढे नोकरीच्या गावोगावी ऐकले आणि निवृत्तीनंतर कीर्तनाच्या मांडवातही ऐकत आहे. ते खोटे आहे असे मला म्हणावयाचे नाही. परंतु हे वाक्य कोणाच्या तोंडी आहे यावर त्याचा अर्थ बदलतो, ही साधी गोष्ट ध्यानी येण्यास मला पन्नाशी ओलांडावी लागली. ती ध्यानी आणून दिली एका कॅथलिक गृहिणीने.

बिदरला माझी बदली असताना शेजारी एक कुटुंब राहावयास आले. यजमान बँकेत, मुले दोन, आणि बाई पूर्ण वेळ घरी. मूळ वसईच्या, सामवेदी ख्रिस्ती. घरात आपसांत त्यांची सामवेदी बोली चाले, आमच्याशी स्वच्छ मराठी. कानडी गल्लीत मराठी बोलणारी दोनच घरे, त्यामुळे चार दिवसांत वाटीची देवघेव सुरू झाली. आपल्यापैकी पुष्कळांना ख्रिस्ती म्हटले की मराठीपासून तुटलेला कोणीतरी वाटतो. वस्तुतः इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. आणि वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली आपल्या शेजारच्या उस्मानाबादेत अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ साली ते गेले. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, पण तेथल्या माणसांची श्रद्धा आणि त्यांची मराठी दोन्ही जागच्या जागी राहिली. परप्रांती भाषा टिकवणे म्हणजे काय, हे आपण सीमेवरची माणसे जाणतोच.

या बाईंचा दिवस पहाटे सुरू होई. डबे, पाणी, धुणे, मुलांचा अभ्यास, सारे इतर घरांसारखेच. वेगळ्या गोष्टी दोनच. दुपारी दोन वाजता त्या दाराला कडी लावीत आणि अर्धा तास आडव्या होत. त्या वेळात पोस्टमन आला तरी दार उघडत नसे. आणि रात्री सगळे कुटुंब जपमाळ घेऊन बसे. प्रार्थना आटोपली की यजमान व थोरला मुलगा भांडी घासावयास उठत. प्रथम मला याचे हसू आले, हे कबूल केले पाहिजे. एकदा मी थट्टेने म्हणालो, “देवधर्म करणारी माणसे तुम्ही, आणि भर दुपारी झोपता?” त्या शांतपणे म्हणाल्या, “देवाने सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी तो थांबला. मी काय त्याच्यापेक्षा मोठी आहे?”

हे उत्तर मी कैक दिवस घोळवीत राहिलो. विश्रांती म्हणजे आळस, असेच आपण मानतो; विश्रांतीत नम्रता असू शकते हे मला नवे होते. आपल्यावाचून घर क्षणभर चालेल, हे मान्य करणे सोपे नसते. पुढे त्यांनीच बायबलमधील विश्रामवाराची आज्ञा दाखविली. त्या दिवशी कोणी काम करू नये त्यांची तेथे यादीच आहे: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आतला परका. “यात बायकोचं नाव नाही,” बाई हसत म्हणाल्या, “म्हणजे ‘तू’मध्ये ती धरायची. नाहीतर सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक कोण करणार, हे लिहिणाऱ्याला माहीत होतं म्हणायचं.”

मला पोळा आठवला. आपल्याकडे त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. त्याला अंघोळ, झूल, पुरणपोळी. आणि ती पुरणपोळी करणारी पहाटेपासून चुलीपुढे. बैलाला एक दिवस नेमून दिला आहे; तिच्यासाठी असा दिवस पंचांगात मी शोधला, सापडला नाही.

आता माझ्या घरची गोष्ट. माझी पत्नी सोमवार, संकष्टी, एकादशी असे सारे उपवास करी आणि एरवी सर्वांच्या मागून जेवी. त्याचे मला कौतुकच होते. एका श्रावणी सोमवारी ती स्वयंपाकघरात भोवळ येऊन पडली. तपासणीत हिमोग्लोबिन सातच्या आत निघाले. डॉक्टरांनी मला विचारले, “यांच्या जेवणात रोज काय असते?” तालुक्यातील शिधापत्रिकांचा आकडा ज्याला तोंडपाठ होता, त्या गृहस्थाला आपल्या बायकोच्या ताटात काय असते हे सांगता आले नाही. कारण ती जेवावयास बसे तेव्हा मी उठून गेलेला असे.

हा केवळ आमच्या घरचा प्रकार नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात असे दिसले, पुरुषाची ९७. आणि २००१ च्या जनगणनेचे काम मी स्वतः पाहिले आहे. गृहिणीची नोंद ‘काम न करणारे’ या सदराखाली होई, कारण म्हणून ‘घरकाम’. काम न करण्याचे कारण काम! असे शेकडो तक्ते मी तपासून पुढे पाठविले, आणि एकदाही लेखणी अडखळली नाही.

त्या आजारपणात शेजारच्या बाई रोज येत. उपवासाचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांच्या चर्चचा सक्तीचा उपवास वर्षातून दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तोही अठरा वर्षांपुढे आणि साठीच्या आत. आजारी माणसाला, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला तो नाही. आपल्या शास्त्रांतही आजारी, वृद्ध व बालक यांना सूट आहेच. परंतु ती पोथीत राहिली, माजघरापर्यंत कोणी आणून दिली नाही. तिकडचे सारे आदर्श आणि आपले सारे सदोष, असे मात्र कोणी समजू नये. वसईला त्यांच्या सासूबाईही आयुष्यभर शेवटीच जेवल्या, हे त्यांनीच सांगितले.

त्यांच्या ग्रंथात मार्था आणि मरिया या बहिणींची कथा आहे. येशू घरी येतो. मार्था पाहुणचाराच्या धावपळीत, मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसलेली. मार्था तक्रार करते, तेव्हा मरियेने चांगला वाटा निवडला असे येशू म्हणतो. बाईंना या कथेत मार्थेची बाजू वाटे. “त्या दिवशी जेवायला काय झालं, ते कुणी लिहून ठेवलं नाही,” असे त्या म्हणत. परंतु पुढे योहानाच्या शुभवर्तमानात भाऊ मेल्यावर येशूवरचा विश्वास स्पष्ट शब्दांत बोलून दाखविते ती हीच मार्था. आणि त्याच ग्रंथाच्या शेवटी पुनरुत्थित येशू सरोवराच्या काठी निखाऱ्यावर मासे भाजून शिष्यांना न्याहारीला बोलावतो. हा प्रसंग बाईंना सर्वांत प्रिय. देव चुलीपाशी बसलेला त्यांना तिथे दिसे.

मला तेव्हा आपली जनाबाई वेगळी दिसू लागली. जनीच्या दळणकांडणाला आपण भक्ती म्हणतो आणि पुढे जातो. पण त्या कथेत विठ्ठल काय करतो? “तुझे दळण हीच माझी पूजा” असे विटेवरून सांगून तो मोकळा होत नाही. तो खाली बसतो आणि जात्याचा खुंटा धरतो. माझ्या मते सारा फरक येथे आहे. कामाला पूजा म्हणण्याचा अधिकार काम करणारीचा, किंवा शेजारी बसून दळू लागणाऱ्याचा. ओसरीवर पान खात बसलेल्याच्या तोंडी तेच वाक्य केवळ सोयीचे असते.

आपल्या बसवकल्याणची आयदक्की लक्कम्माही येथे आठवते. पती मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणी. एके दिवशी त्याने गरजेपेक्षा जास्त आणले, तेव्हा तिने ते परत पाठविले. बाराव्या शतकात कायकाला कैलास मानणाऱ्या शरणांतील ही बाई, आणि ‘पुरेसे’ म्हणजे किती हे ठरविणारी तीच. हे माप कष्टालाही लावता येईल काय? मला वाटते, यावे.

मात्र हा विचार मला सरळ सुटला नाही. पत्नी बरी झाल्यावर मी मोठ्या तोऱ्यात फर्मान काढले की यापुढे उपवास बंद. ती म्हणाली, “तुम्ही कधी करा म्हणालात नाही, मग बंद करा म्हणायला कुठून आलात? उपवास माझा आहे.” मी निरुत्तर झालो. तिची पूजा कोणती हे वर्षानुवर्षे मीच ठरवीत आलो होतो, आणि तिच्या हिताच्या नावाखाली तेच पुन्हा करीत होतो. त्यागाची सक्ती वाईट. पण स्वेच्छेने केलेला त्याग हिरावून घेणे हीदेखील सक्तीच. यांतली सीमारेषा बाहेरून आखता येत नाही. आम्ही भांडलो, मग बोललो. सोमवार तिने स्वतःहून सोडले, एकादशी ठेवली. लोहाच्या गोळ्या घेतल्या. जेवावयास आता बरोबर बसतो. पहिले काही महिने ती सारखी उठत असे, मग सवय झाली.

शेजाऱ्यांची बदली होऊन वर्षे लोटली. नाताळला आणि दिवाळीला फोन होतो. निवृत्तीनंतर आम्ही कमलनगरला परतलो. दुपारी दोन वाजता आमच्याही दाराला कडी लागते आणि नेमके तेव्हाच कोणीतरी येते. मी खिडकीतून हळू आवाजात बोलून वाटेला लावतो.

गेल्या पोळ्याला पुरण मी वाटले. पोळ्या तिनेच लाटल्या, माझ्या हातच्या फुटतात.